विद्यापीठ आणि वस्ती : पॅट्रिक गेडिस यांचे कार्य

एखादी मोठी संस्था ज्या वस्तीत उभी राहते, त्या वस्तीचे तिच्यावर काही ऋण असते काय? हा प्रश्न आयुष्यभर विचारून त्याचे उत्तर कृतीने देणारा पुरुष म्हणजे सर पॅट्रिक गेडिस. २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. रोप जसे मातीवेगळे समजत नाही, तसा माणूस त्याच्या परिसरावेगळा समजत नाही, हा त्यांच्या नगरविचाराचा पाया होय.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर या सुशिक्षित दांपत्याने एडिंबरोच्या जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या गलिच्छ वस्तीत बिऱ्हाड थाटले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी घरांची डागडुजी व रंगसफेदी केली, मोकळ्या तुकड्यांत बागा फुलविल्या. १८८७ मध्ये तेथेच विद्यार्थ्यांचे स्वयंशासित वसतिगृह उघडले. हेतू हा की, विद्यापीठाने वस्तीकडे पाठ न फिरवता तिच्यात नांदावे.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस १९१४ मध्ये भारतात आले. त्यांचे नगरप्रदर्शन वाहून आणणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तरीही नवी सामग्री जमवून त्यांनी पुढील वर्षी मद्रासेस प्रदर्शन भरविलेच. तंजावर, बडोदे, लखनौ अशा अनेक नगरांचे अहवाल त्यांनी लिहिले. वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध असे. गल्लीबोळ पायी हिंडावे, निकामी झालेली तेवढीच घरे काढावीत, लहान चौक मोकळे करून झाडे लावावीत, ही त्यांची रीत. १९१७ या एकाच वर्षी त्यांना पुत्र व पत्नी या दोघांचा वियोग सोसावा लागला. परंतु कार्य थांबले नाही.

होळकरांच्या इंदुरात प्लेगाचे भय होते. गेडिस यांनी हुकूम काढण्याऐवजी दिवाळीची मिरवणूक योजिली. जेथील घरे अधिक स्वच्छ, त्या मार्गाने ती जाणार असे जाहीर होताच घरोघरी झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगाचा भला मोठा उंदीर होता, लक्ष्मी होती, आणि शुभ्र वस्त्रे ल्यालेले, हार घातलेले सफाई कामगारही सन्मानाने चालत होते. ज्यांच्या श्रमावर नगर जगते, त्यांचा असा गौरव त्या काळी दुर्मीळच! १९१८ च्या अहवालात त्यांनी इंदुरासाठी नागरिकांशी निगडित अशा विद्यापीठाची कल्पना मांडली. इंदुरास विद्यापीठ लाभले ते मात्र १९६४ साली.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये तेथे त्यांच्या सहवासात आले आणि पुढे तो विभाग घुर्ये यांनीच नावारूपास आणला. गेडिस यांचे निधन १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समध्ये झाले.

त्यांच्या अनेक योजना कागदावरच राहिल्या, हे खरे. परंतु त्यांचा प्रश्न शिल्लक आहे, आणि तो आपल्या मंडळासही लागू पडतो. परमुलखात आपण आपली भाषा, गणेशोत्सव व ग्रंथालय जपले, हे भूषणावह होय. तथापि मंडळाच्या फाटकाबाहेरील शेजाऱ्याला ही वास्तू आपली वाटते काय? वाचनालयाचा एक कोपरा त्याच्या मुलांसाठी, त्याच्या भाषेतील पुस्तकांसह, खुला झाला तर आपले मराठीपण उणावणार नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षी एवढा संकल्प अवघड नसावा.