काचबिंदूचे थेंब आणि परिचारिका

बर्लिनचे नेत्रवैद्य आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी १८५७ साली काचबिंदूवरील आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. डोळ्यातील रंगीत पडद्याचा लहानसा तुकडा कापून काढला असता वाढलेला दाब उतरतो, असे त्यांनी दाखविले. तोवर या व्याधीपुढे वैद्य हात टेकीत असत. पुढे सुमारे वीस वर्षांत आफ्रिकेतील कॅलाबार बियांच्या व ब्राझीलमधील जाबोरांडीच्या पानांच्या सत्त्वाचे थेंब वापरात आले, आणि एक निराळीच अडचण उभी राहिली. शस्त्र एकदा चालवावयाचे. थेंब मात्र दिवसातून तीनचार वेळा, जन्मभर घालावयाचे. उपचार रुग्णालयातून माजघरात आला. तो घरच्यांना शिकवावयाचा कोणी?

पुण्यास ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झाले. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले व स्त्रियांना ससूनमध्ये परिचर्येचे शिक्षण मिळू लागले. कुलीन घरच्या स्त्रीने परक्याची शुश्रूषा करावी, हे त्या काळी अनेकांस रुचत नसे. १९४६ च्या भोर समितीने खेडोपाडी आरोग्यकेंद्रे सुचविली. (समितीचे हे नाव भोर गावावरून नव्हे, अध्यक्ष सर जोसेफ भोर यांच्यावरून पडले.) १९५२ नंतर अशी केंद्रे निघू लागली आणि परिचारिका गावापर्यंत पोहोचली.

तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याहून पुण्यास डोळे दाखविण्यास जाणे म्हणजे दिवस मोडणे. त्यात आषाढातील भातलावणी कोण सोडणार? शिवाय मोतीबिंदू काढला की म्हातारा दुसऱ्या दिवशी नातवाचे तोंड ओळखतो. काचबिंदूच्या थेंबांनी असे काहीच घडत नाही. गेलेली दृष्टी परतत नाही; उरलेली तेवढी राखावयाची असते. ‘गुण येत नाही’ म्हणून बाटली कोनाड्यात पडते, ती याचमुळे. रोग दुखत नाही, कडेची नजर आधी खातो, म्हणून संशयही येत नाही.

परिचारिकेने सांगावयाच्या गोष्टी दिसावयास क्षुल्लक आहेत. खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा, डोळा मिटावा, नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा. दुसरे औषध असल्यास पाच मिनिटे थांबावे. कोपरा दाबण्यास मोठे कारण आहे. १९७८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले टिमोलॉल नाकावाटे रक्तात उतरते आणि दमेकऱ्याचा श्वास कोंडू शकते. म्हणून रुग्णास दमा आहे का, हे आधी विचारणे आले. १९९६ साली आलेले लॅटानोप्रोस्ट रात्री एकदाच घालावे लागते, त्यामुळे सुनेचे वा मुलाचे काम हलके झाले. डोळे लाल झाले म्हणून दुकानातून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब मात्र दाब वाढवितात. त्यांविषयी दटावूनच सांगावे लागते.

पुढच्या खेपेस रुग्णाच्या भावाबहिणींनाही तपासणीस आणावयास सांगितले जाते, कारण हा रोग एका घरात पुन्हा आढळतो. भाऊ सहसा येत नाही. त्याला अद्याप सगळे स्वच्छ दिसत असते.