फौजेतून आल्यावर आयआयएम, आयआयटी : माजी सैनिकाला कुठलं दार उघडं, कुठलं बंद?

सातारा तालुक्यातलं अपशिंगे मिलिटरी असो नाहीतर शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी, फौजेतून घरी आलेल्या जवानाला गावात एक प्रश्न ठरलेलाच : आता बँकेत लागणार का सिक्युरिटीला? पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून तो पस्तिशी-चाळिशीत परत येतो. राज्याच्या सरकारी भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळं बहुतेकांचं लक्ष तिकडंच. पण काहींना राहिलेलं शिक्षण पुरं करायचं असतं, आणि करायचंच तर नावाजलेल्या संस्थेत. अशांची चौकशी वाढेल असं दिसतं, कारण अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पुरी होतात.

सवलत आहे, पण लेकरांना

इथं सगळ्यात मोठा गैरसमज आहे. 'फौजी कोटा' आहे म्हणजे फौजीला जागा मिळणार, असं गावाकडं सर्रास समजतात. प्रत्यक्षात राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशातला डिफेन्स कोटा सैनिकांच्या मुलामुलींसाठी आहे. दिल्ली विद्यापीठातला ५ टक्क्यांचा सीडब्ल्यू कोटाही सैनिकांची मुलं आणि पत्नी यांच्यासाठी. प्रत्येक आयआयटीत 'डीएस' म्हणून दोन जागांवर प्राधान्य मिळतं, ते कारवाईत शहीद झालेल्या किंवा कायमचं अपंगत्व आलेल्या जवानांच्या मुलांना. पंतप्रधान शिष्यवृत्ती (मुलींना महिना ३,००० रुपये, मुलांना २,५००) माजी सैनिकांच्या मुलांना आणि दिवंगतांच्या पत्नींना मिळते. ज्यानं गणवेश घातला तो स्वतः परीक्षेला बसला की खुल्या किंवा आपल्या जातप्रवर्गाच्या रांगेत, बाकीच्यांसारखाच. आयआयएमच्या प्रवेशातही माजी सैनिक असा वेगळा कोटा नाही.

हे असंच असायला पाहिजे असं काही नाही. अमेरिकेनं १९४४ मध्ये जी. आय. बिल नावाचा कायदा करून युद्धावरून परतलेल्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तर खंड पडलेल्या, मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी १९४७ पासून वेगळं महाविद्यालयच आहे आणि तिथं माजी सैनिक मोठ्या संख्येनं शिकतात. आजच्या नियमानुसार तिकडच्या माजी सैनिकाला ३६ महिन्यांपर्यंत शिक्षणाचा लाभ मिळतो. तो स्वतः वापरायचा, किंवा ठरावीक अटींवर बायकामुलांच्या नावे करायचा. आपल्याकडं स्वतः वापरायचा हा पर्यायच जवळपास नाही.

पदवीचा कागद नीट बघा

दुसरा घोळ पदवीचा. दहावी झालेल्या आणि १५ वर्षं सेवा केलेल्या जवानाला निवृत्तीच्या वेळी पदवी-समकक्ष प्रमाणपत्र मिळतं. केंद्राच्या कार्मिक विभागाचा १९८६ चा आदेश त्यामागं आहे. पण हा कागद गट 'क'च्या नोकरीसाठी आहे. विद्यापीठाच्या दृष्टीनं ती पदवी नव्हे. तो घेऊन कॅटचा अर्ज भरला आणि अगदी चांगले गुण पडले, तरी कागदपत्र तपासणीत गाडी अडते. कॅटला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आणि त्यात किमान ५० टक्के गुण लागतात (अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना ४५). ती पदवी इग्नूची चालते, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचीही चालते. वयाची मात्र अट नाही. चाळिशीतला माणूसही कॅट देऊ शकतो.

देऊ शकतो, पण यादीत येणं अवघड, हेही सांगायला हवं. बऱ्याच आयआयएम मुलाखतीची यादी लावताना दहावी-बारावीचे गुणही धरतात. विसेक वर्षांपूर्वी भरतीच्या नादात कशीबशी काढलेली दहावी इथं आडवी येते. नोकरीच्या अनुभवाला गुण असतात, पण काही ठिकाणी ते ठरावीक वर्षांपर्यंतच वाढतात. सतरा वर्षांची सेवा म्हणजे सतरा वर्षांचे गुण, असं गणित नाही.

अधिकाऱ्यांची वाट थोडी वेगळी. केंद्राचं पुनर्वसन महासंचालनालय, ज्याला फौजेत सगळे डीजीआर म्हणतात, ते निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांत सहा महिन्यांचे व्यवस्थापन अभ्यासक्रम चालवतं आणि फीचा ६० टक्के भार उचलतं. जेसीओ आणि जवानांच्या डीजीआर अभ्यासक्रमांचा तर सगळाच खर्च सरकारचा असतो. उपयोगाचं आहे हे. पण सहा महिन्यांचं ते प्रमाणपत्र म्हणजे एमबीए नव्हे, हे घरच्यांनी आणि सोयरिक जुळवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. अहमदाबादचा एक वर्षाचा पीजीपीएक्स हा पूर्ण अभ्यासक्रम आहे. त्याला जीमॅट किंवा जीआरई लागते आणि फी तीस लाखांच्या घरात किंवा पुढं जाते.

अग्निवीर परत आला तर?

अठराव्या वर्षी बारावी करून गेलेला पोरगा बाविशीत घरी येणार. त्याचं वय आयआयटीला बसतं, अडतं ते बारावीच्या सालापाशी. जेईई ॲडव्हान्स्डला बारावीची परीक्षा पहिल्यांदा त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी दिलेली असावी लागते. जेईई मेनलाही बारावीच्या वर्षाची मर्यादा आहे. म्हणजे चार वर्षं सीमेवर काढली की आयआयटी-एनआयटीतल्या बी.टेक.चं दार मागच्या मागं बंद झालेलं असतं. भरतीच्या मैदानावर पळणाऱ्या किती पोरांना हे ठाऊक असतं? शास्त्र शाखेच्या मुलानं सही करण्याआधीच याचा विचार केलेला बरा. आणखी एक : मूळ योजनेप्रमाणं अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळं त्या दर्जाच्या सवलतींवर विसंबून बेत आखू नये.

बाकीची दारं मात्र उघडी आहेत. नीटची कमाल वयाची अट २०२२ मध्ये निघाली. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र असेल आणि लागणारे गुण असतील, तर पंचविशीतही एमबीबीएससाठी बसता येतं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅटलाही कमाल वय नाही, आणि ही विद्यापीठं आता मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथंही आहेत. क्लॅटला बारावीत खुल्या वर्गासाठी ४५ टक्के पुरतात. दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ यांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी आहे.

आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस पदवी ही तर फौजीच्या सोयीचीच. जेईई लागत नाही, वय बघत नाहीत. बारावी पास आणि दहावीला गणित-इंग्रजी असलं की अर्ज करता येतो. आधी चार आठवडे शिकवतात, मग पात्रता परीक्षा. ती निघाली तर प्रवेश. शिकणं घरबसल्या, मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन. मधेच सोडावं लागलं तरी टप्प्यानुसार प्रमाणपत्र किंवा पदविका हातात पडते. फीमध्ये उत्पन्न आणि प्रवर्गानुसार सूट आहे. गणित सुटून दहा वर्षं झालेल्याला पहिले महिने जड जातील, यात शंका नाही.

सेवेत असतानाच अग्निवीराला इग्नूची तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी घेता येते. जून २०२२ मध्ये ती जाहीर झाली. निम्मे क्रेडिट सैनिकी प्रशिक्षणाचे, निम्मे अभ्यासाचे. ही खरी विद्यापीठाची पदवी आहे. ५० टक्के पडले की कॅटचा रस्ता मोकळा. दहावीवर भरती झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी करता येते. युनिटमध्ये असताना हे केलं तर घरी आल्यावर तीन वर्षं वाचतात.

अर्ज आणि मुलाखत

मुलाखतीत 'मी हवालदार होतो' एवढं सांगून समोरच्याला काही उमगत नाही. किती माणसं हाताखाली होती, स्टोअरमध्ये किती गाड्यांचे सुटे भाग सांभाळले, बर्फात रसद कशी पोचवली, हे साध्या भाषेत सांगावं लागतं. ठिकाणं आणि तैनातीचा गोपनीय तपशील अर्थातच सांगायचा नाही. सेवेची वर्षं अर्जात 'गॅप' म्हणून दाखवू नयेत. ती नोकरीच आहे आणि डिस्चार्ज बुक हा तिचा पुरावा.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावावरून. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, फौजेच्या कागदावर आडनावच नाही, आधारवर तिसरंच. जन्मतारखेचाही असाच घोळ असतो. दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसमधून होते आणि तिला महिने लागतात, म्हणून निवृत्तीच्या आधीच अर्ज टाकलेला बरा. कागदांची वाट कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. कॅटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरून घेतात, परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस असते, क्लॅट डिसेंबरमध्ये.