गिरणी कामगारांचं संग्रहालय : काय मांडायचं आणि कुणाकडून घ्यायचं?

आजचा विषय गिरणगावातल्या कामगार संग्रहालयाचा. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर महापालिकेनं वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं ठरवलं, त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. पण समजा, वस्तीतल्या लोकांनीच आपलं एक लहानसं संग्रहालय उघडायचं मनावर घेतलं, तर त्यात काय ठेवायचं आणि ते कुणाकडून घ्यायचं? आज आपण एवढाच प्रश्न घेऊ.

गिरण्यांचा इतिहास सांगायची एक ठरलेली रीत आहे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कंपनी काढली, १८५६ मध्ये ताडदेवला सूत निघू लागलं, मग गिरण्या वाढत गेल्या आणि मुंबई मोठी झाली. हे सगळं खरं आहे. पण यात गिरणी दिसते, गिरणीत जाणारा माणूस दिसत नाही. तो दिसायला लागतो १८८४ मध्ये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या काय होत्या, तर रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. सुट्टी मिळाली १० जून १८९० रोजी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जी मोठी सभा झाली, तिच्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. आज आपण रविवारी निवांत उठतो, त्यामागे एवढं सगळं आहे.

आता वस्तूंकडे येऊ. पहिली वस्तू धोटा. लाकडी, दोन्ही टोकांना निमुळता, मागावर इकडून तिकडे धावणारा. कपाटात ठेवला तर छान दिसेल. खाली चिठ्ठी लावता येईल : ‘धोटा, लाकूड व धातू’. पण धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक त्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. या उष्ट्याचं कारण पुढे करून दलित कामगारांना साचेखात्यात घेत नसत, आणि जास्त पगार तर त्याच खात्यात होता. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कामगारांच्या एकजुटीतलं हे एक दुखरं ठिकाण आहे. मालकांविरुद्ध एकत्र लढणारे लोक खात्याच्या दारात मात्र जात पाळत होते. संग्रहालय आपलं असेल, तर ही गोष्ट आपणच चिठ्ठीवर लिहायला हवी. दुसरं कोण लिहिणार?

दुसरी वस्तू खानावळीचं ताट. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेले गडी गाळ्यात दाटीवाटीनं राहत, पाळीपाळीनं झोपत आणि महिन्याच्या बोलीवर एखाद्या बाईकडे जेवत. त्या बाईचं नाव कुठल्याच मस्टरवर नव्हतं. पण पगार झाला नाही तर उधारी तिच्याकडे, संप झाला तर झळ तिलाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशाच खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणी चालायला वाफ लागत होती, वीज लागत होती, तशी या बायकांची चूलही लागत होती. म्हणून यंत्रांच्या दालनाइतकीच जागा स्वयंपाकघरालाही द्यावी, असं आम्हाला वाटतं.

तिसरी वस्तू सगळ्यात साधी, आणि खरी अडचण तिथंच आहे. ती म्हणजे कागद. तिकीट नंबर असलेलं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, ईएसआयचं कार्ड. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न आला. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे ठरले : एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांची बरीचशी जमीन तर बांधकामाखाली होती. त्यामुळे पहिले दोन वाटे आक्रसले. कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली. अर्ज लाखाच्या पुढे, घरं काही हजार.

आणि घर मागायचं तर आपण गिरणीत होतो हे सिद्ध करावं लागतं. कशानं? याच कागदांनी. म्हणजे आपण ज्याला ऐतिहासिक वस्तू म्हणतो, तो एखाद्या कुटुंबाचा घरावरचा हक्क असतो. कामगार गेला असेल तर त्याच्या बायकोचा, मुलांचा. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलेला असतो. अशा घरी जाऊन ‘हे आम्हाला द्या, आम्ही जपू’ असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

तेव्हा वस्तीच्या संग्रहालयाची पद्धत निराळी हवी. कागद घ्यायचा नाही. त्याच्या घरीच त्याचा नीट फोटो काढायचा, बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि मूळ कागद त्याच दिवशी हातात परत द्यायचा. दोन छापील प्रती घरच्यांसाठी ठेवायच्या. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या लोकांचे शब्द पुस्तकात उतरवले, त्याला वीस वर्षं होऊन गेली. १९८२ मध्ये जो विशीत होता, तो आज साठी ओलांडून बसला आहे. इमारत मिळेपर्यंत थांबलो तर सांगणारं माणूस उरणार नाही.

इमारत, काचेची कपाटं, उद्घाटन हे सगळं मागाहूनही होईल. सुरुवात एका चाळीतून, एका मजल्यावरून करता येते. साधा मोबाइल आणि एक वही पुरे. वहीत आधी माणसाचं नाव, मग खातं, मग तिकीट नंबर लिहायचा, आणि कागद परत दिल्याची नोंद करून खाली घरच्यांची सही घ्यायची.

आता प्रश्न घेऊ.