गाणी गोळा करण्याचा गुन्हा

म्हैसूरहून कूर्गकडे निघालेली मराठी मंडळी वाटेत बैलकुप्पेच्या तिबेटी निर्वासित वसाहतीत हमखास थांबतात. नामद्रोलिंग मठाच्या सुवर्णमंदिरातल्या तीन प्रचंड मूर्ती बघून होतात, मोमो खाऊन होतात, आणि गाडीत बसता बसता कुणीतरी म्हणतं, ‘देश गेला आणि हे मुखवटे घालून नाचतायत!’ 2022 च्या रशियन आक्रमणानंतर युक्रेनच्या बाबतीतही हाच सूर ऐकू येतो. परदेशातल्या युक्रेनियनांनी चित्रपट महोत्सव भरवला, भरतकामाचे सदरे घालून समूहगान केलं, की लगेच प्रश्न येतो: त्यानं रणगाडे थांबणार आहेत का? या मताची एक विद्वान आवृत्तीही आहे. मातीपासून तुटलेली संस्कृती गोठते, निर्वासितांच्या हाती उरतो तो संग्रहालयातला ऐवज, असं ती सांगते.

पहिल्या आक्षेपाला सत्ताधाऱ्यांनी स्वतःच्या वागण्यातूनच उत्तर देऊन ठेवलं आहे. नगावांग चोफेल हा कर्नाटकातल्याच मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत वाढलेला मुलगा. धरमशालेच्या तिबेटी कला संस्थेत तो संगीत शिकला, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेला आणि 1995 साली कॅमेरा घेऊन चीनच्या ताब्यातल्या तिबेटात शिरला. खेड्यापाड्यांतल्या लोकांना येत असलेली जुनी गाणी त्याला चित्रित करायची होती. त्याला अटक झाली, हेरगिरीचा आरोप आला आणि 1996 मध्ये 18 वर्षांची शिक्षा झाली. आईनं मुलासाठी दिल्लीत धरणं धरलं, जगभरातून दबाव आला, तेव्हा कुठे 2002 साली तो सुटला. अटकेआधी काही चित्रफिती भारतात पोचल्या होत्या. त्यातून ‘तिबेट इन साँग’ हा माहितीपट उभा राहिला आणि 2009 साली सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. लोकगीतं म्हणजे नुसता विरंगुळा असता, तर ती टिपणाऱ्याला कुणी 18 वर्षं आत टाकलं असतं का?

युक्रेनचा इतिहास हेच सांगतो. झार दुसऱ्या अलेक्झांडरनं 1876 साली एम्स इथून हुकूम काढला. त्यात युक्रेनियन पुस्तकांबरोबर नाटकांवर आणि स्वरलिपीखाली छापल्या जाणाऱ्या युक्रेनियन शब्दांवरही बंदी होती. साम्राज्याला गाण्याच्या ओळींची दखल घ्यावी लागली.

कला ही पोट भरल्यानंतरची चैन, हा समजही बैलकुप्पेच्या तारखांपुढे टिकत नाही. दलाई लामा 1959 च्या मार्चअखेरीस भारतात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कालिम्पोंगला तिबेटी कलापथक उभं राहिलं, तीच आजची धरमशालेची संस्था. तत्कालीन म्हैसूर राज्यानं दिलेल्या जमिनीवर बैलकुप्पेची पहिली वसाहत वसली ती 1960 साली. जंगल तोडायचं, तंबूत राहायचं, मका लावायचा, हे सगळं त्यानंतरचं. म्हणजे कसायला शेत मिळण्याआधी या लोकांनी आपला ढोल सांभाळला होता.

आता संग्रहालयाचा मुद्दा. तिबेटी लामो, म्हणजे त्यांचं संगीतनाट्य, एकदा नीट पाहावं. त्याला रंगमंच लागत नाही. वर चांदवा, भोवती गोल करून बसलेली माणसं आणि वाद्यं दोनच: ढोल आणि झांज. सुरुवातीला निळे मुखवटे घातलेले शिकारी जागा शुद्ध करतात. मग निवेदक कथा भराभर म्हणत जातो आणि पात्रं उंच पट्टीत लांबलचक तान घेतात. खेळ दिवसभर चालू शकतो. प्रेक्षक मध्येच खातात-पितात, पोरं झोपतात, आणि जुन्या जाणत्यांना कथा पाठ असल्यानं चूक तिथल्या तिथे पकडली जाते. माझ्या लेखी कला जिवंत असल्याची खूण हीच. चूक काढणारा प्रेक्षक समोर बसलेला असतो. काचेमागच्या वस्तूला असा प्रेक्षक नसतो.

शिवाय निर्वासितांनी जुनं जपण्यावर समाधान मानलेलं नाही. तेन्झिंग सोनम आणि रितू सरीन यांच्या ‘ड्रीमिंग ल्हासा’ (2005) या चित्रपटात न्यूयॉर्कहून आलेली एक तिबेटी तरुणी धरमशालेत माजी राजकैद्यांच्या मुलाखती घेते, आणि आपलं या लढ्याशी नातं काय, हे तिला नव्यानं तपासावं लागतं. याच दोघांनी 2012 मध्ये धरमशालेत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू केला. गोठलेल्या संस्कृतीला स्वतःला प्रश्न विचारता येत नाहीत.

आक्षेपात एक खरी गोष्ट आहे, ती मान्य करायला हवी. वसाहतींतले तरुण अमेरिकेला, कॅनडाला जात आहेत आणि पर्यटकांसाठी होणाऱ्या कार्यक्रमात कला लवकर पातळ होते. पण हा धोका माणसं पांगल्याचा आणि प्रेक्षक बदलल्याचा आहे. गाणं थांबवून तो टळणार नाही.

रणगाड्यांचा प्रश्न उरतो. 1919 साली युक्रेनचं नवं प्रजासत्ताक कोसळत असताना त्याचा नेता सिमोन पेतल्युरा यानं ओलेक्सांद्र कोशित्सच्या गायकवृंदाला देशाची ओळख करून द्यायला युरोपात धाडलं. राज्य बुडालं, तरी वृंद गात राहिला. मिकोला लेओंतोविचनं बांधलेलं ‘श्चेद्रिक’ हे गाणं ऑक्टोबर 1922 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायलं. त्याआधी, जानेवारी 1921 मध्येच, सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या हस्तकानं लेओंतोविचला गोळी घातली होती. कोशित्स परत जाऊ शकला नाही. 1944 साली कॅनडात, विनिपेगला वारला. 1991 मध्ये युक्रेन स्वतंत्र झाला, तोवर ती धून ‘कॅरल ऑफ द बेल्स’ या नावानं जगभरच्या नाताळात शिरली होती. आता 2022 पासून युक्रेनियन वृंद परदेशी मंचांवर ती मूळ युक्रेनियन शब्दांत, लेओंतोविचचं नाव घेऊन गातात.