राखणदार ते सूत्रधार : बास्केटबॉलमधल्या ‘गार्ड’ची गोष्ट

‘गार्ड’ म्हटले की आपल्याला रेल्वेच्या शेवटच्या डब्यात हिरवा बावटा घेऊन उभा असलेला माणूस आठवतो. बास्केटबॉलमधला गार्डही आरंभी असाच संघाच्या शेपटाला असे. आज तो इंजिनात बसलेला दिसतो. चेंडू त्याच्या हाती, कोणती चाल खेळायची हे त्याच्या बोटांच्या खुणेवर, आणि पुष्कळदा शेवटचा नेमही त्याचाच. नाव मात्र राखणदाराचेच राहिले. हे स्थित्यंतर कसे घडले, आणि ते घडत असताना कोणाकोणाची वाट अडवली गेली, हे या धाग्यात पाहू.

डिसेंबर १८९१. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८ विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ असे दोन संघ केले. व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही टोकांस पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या आणि १३ नियम ठरवून दिले. त्यांतला तिसरा नियम आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. चेंडू हाती घेऊन धावायचे नाही. जेथे झेलला तेथूनच फेकायचा.

चेंडू नेता येत नसेल, तर तो नेणारा माणूसही संभवत नाही. म्हणून कामाची वाटणी जागेवरून झाली. प्रतिपक्षाच्या टोपलीजवळचे ते फॉरवर्ड, मधले ते सेंटर, आणि स्वतःच्या टोपलीची राखण करणारे ते गार्ड. १८९७च्या सुमारास पाच जणांचा संघ रूढ झाला, तेव्हा दोन फॉरवर्ड, एक सेंटर आणि दोन गार्ड अशी मांडणी ठरली. त्या दोघांपैकी एक गार्ड प्रसंगी पुढे जाई. दुसरा आपला संघ आक्रमण करीत असतानाही मागेच उभा असे.

ड्रिबल जन्मले ते नियमांच्या फटीतून. चेंडू घेऊन धावण्यास मनाई होती. तो जमिनीवर आपटून पुन्हा आपणच घेण्यास नव्हती. तरीही गार्डचे दैव पालटायला आणखी चार दशके लागली. तोवर प्रत्येक गोलनंतर खेळ मैदानाच्या मध्यावर येई आणि दोन सेंटर चेंडूसाठी उडी मारीत. १९३७ मध्ये ही उडी रद्द झाली. आता गोल झाला की चेंडू समोरच्या संघाला त्याच्या टोपलीखालूनच मिळू लागला आणि तेथून तो सबंध मैदान ओलांडून नेण्याचे काम आले. टोपलीपाशी आधीपासून उभा कोण? गार्ड. माझ्या मते राखणदाराचा सूत्रधार होण्याचा खरा आरंभ येथे आहे. एरवी हे श्रेय एखाद्या थोर खेळाडूला दिले जाते.

चेंडू खेळवण्याची कला मात्र दुसरीकडेच वाढत होती. १९ फेब्रुवारी १९४८ रोजी शिकागोत हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीयांच्या संघाने मिनियापोलिस लेकर्स या बलाढ्य संघाला ६१-५९ असे हरवले. अखेरच्या क्षणांत मार्क्वेस हेन्स हा गार्ड ड्रिबल करीत चेंडू आपल्यापाशीच राखून होता. मग त्याने तो अर्मर रॉबिन्सनकडे दिला आणि रॉबिन्सनने दुरून सामना जिंकून दिला. हेन्सचे ड्रिबल विलक्षण होते, पण लोक त्याला सर्कशीतली करामत समजत. एनबीएत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश मिळाला तो १९५०च्या हंगामात.

त्याच हंगामात बॉस्टन सेल्टिक्समध्ये बॉब कूझी आला. तोही असा की, शिकागोचा एक संघ बुडाला, त्याच्या तीन गार्डांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या गेल्या आणि बॉस्टनच्या वाट्याला नको असलेली चिठ्ठी आली. पाठीमागून चेंडू फिरवणारा, न बघता पास देणारा कूझी पुढे सलग आठ हंगाम असिस्टमध्ये लीगमध्ये पहिला राहिला. ‘हार्डवूडचा हुडिनी’ असे त्याचे कौतुक झाले. कूझी थोर होता यात शंका नाही. पण हेन्स करतो तेव्हा गंमत आणि कूझी करतो तेव्हा प्रतिभा, हा भेद खेळाने केलेला नव्हता.

दरम्यान या कौशल्यानेच खेळ मरायला टेकला होता. आघाडी मिळाली की चांगला गार्ड चेंडू घेऊन नुसता फिरत राही. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेनने मिनियापोलिसला १९-१८ असे हरवले. सबंध सामन्यात ३७ गुण! उपाय शोधला सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी. चांगल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सुमारे १२० नेम होतात, सामना २,८८० सेकंदांचा, म्हणून एका चालीला २४ सेकंद. १९५४ मध्ये हे घड्याळ आले. आता वेळकाढूपणा संपला आणि निर्णयाची घाई सुरू झाली.

त्या २४ सेकंदांत गार्ड करतो काय? पॉइंट गार्ड चेंडू मैदानाच्या पलीकडच्या अर्ध्यात आणतो. एखादा उंच सहकारी पुढे येऊन त्याच्या पाठीराख्याच्या वाटेत खांबासारखा उभा राहतो. याला स्क्रीन म्हणतात. गार्ड त्याला वळसा घालून निघतो. बचाव करणारे दोघे त्याच्यावर धावले, तर तो उंच सहकारी टोपलीकडे मोकळा सुटतो. त्याला अडवायला तिसरा आला, तर कोपऱ्यातला नेमबाज मोकळा. बहुधा हा नेमबाज म्हणजे दुसरा, शूटिंग गार्ड. कोणीच आले नाही, तर गार्ड स्वतःच नेम धरतो. हे सारे क्षणार्धात ओळखावे लागते. सहा फूट पाच इंचांच्या ऑस्कर रॉबर्टसनने १९६१-६२च्या हंगामात दर सामन्याला सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट केले, तेव्हा गार्डच्या कामाला कुंपणच उरले नाही. सूत्रे आता कृष्णवर्णीय गार्डच्या हाती होती, आणि त्याला सर्कस म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती.

मुलींच्या खेळात मात्र ‘गार्ड’ हा शब्द शब्दशः पाळला गेला. अमेरिकेच्या अनेक राज्यांत शाळकरी मुली सहा-सहा जणींचा बास्केटबॉल खेळत. तीन फॉरवर्ड, तीन गार्ड, आणि मधली रेषा कोणीही ओलांडायची नाही. एवढी धावपळ मुलींना झेपणार नाही, ही त्यामागची समजूत. परिणाम असा की, गार्ड म्हणून निवडलेली मुलगी सबंध शालेय कारकिर्दीत टोपलीवर एकदाही नेम धरू शकत नसे. चेंडू हिसकावायचा, रेषेपाशी आणायचा, पलीकडच्या मैत्रिणीला द्यायचा आणि उभे राहून पाहायचे.

टेनेसीतील अशाच एका गार्ड मुलीने शालेय क्रीडा संघटनेविरुद्ध दावा लावला. महाविद्यालये पूर्ण मैदानावर पाच जणींचा खेळ खेळतात आणि त्यासाठी शिष्यवृत्त्या देतात. मला नेमच धरू दिला नाही, तर माझी निवड कोण करणार, हा तिचा प्रश्न. १९७६ मध्ये जिल्हा न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. थोड्याच वर्षांत टेनेसीने तो प्रकार सोडून दिला. आयोवात तो १९९३ पर्यंत आणि ओक्लाहोमात १९९५ पर्यंत चालला.

त्याच १९९३च्या जूनमधला एक प्रसंग. एनबीए अंतिम मालिकेचा सहावा सामना. शिकागो बुल्स फिनिक्सपेक्षा दोन गुणांनी मागे. शिकागो ‘ट्रँगल’ पद्धतीने खेळे. तिचे जाणकार टेक्स विंटर यांनी १९६२ मध्येच तिच्यावर पुस्तक लिहिले होते. या पद्धतीत एकच सूत्रधार नसतो. पाचही जणांनी बचाव वाचायचा आणि मोकळ्या माणसाकडे चेंडू द्यायचा. त्या क्षणी चेंडू घेऊन आला मायकेल जॉर्डन. त्याने तो पिपेनला दिला, पिपेनने ग्रँटला, आणि ग्रँटने बाहेर उभ्या असलेल्या जॉन पॅक्सनला. पॅक्सन गार्ड होता, पण चाल त्याने रचली नव्हती. तो फक्त योग्य जागी, हात तयार ठेवून उभा होता. तीन गुण, ९९-९८, आणि विजेतेपद.

पुढे पॅक्सनच्या जागी आलेला स्टीव्ह कर त्याच मुशीत घडला आणि २०१४ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सचा प्रशिक्षक झाला. त्याच्या संघातील स्टेफन करी या पॉइंट गार्डने २०१५-१६च्या हंगामात तीन गुणांचे ४०२ नेम साधले; आधीचा विक्रम त्याचाच, २८६चा. लक्ष चेंडूवरून हटवून त्याचे सामने पाहावेत. पुष्कळदा चेंडू ड्रेमंड ग्रीन या फॉरवर्डच्या हाती असतो. करी एका स्क्रीनमागून दुसऱ्या स्क्रीनमागे रिकाम्या हातांनी पळत असतो, त्याच्या धास्तीने दोघे बचावपटू ओढल्यासारखे मागे जातात, आणि टोपलीखालची जागा ओस पडते. तेवढ्यात ग्रीनचा पास येतो आणि तिसराच कोणी सहज दोन गुण करून परततो.