न बसलेल्या ठोशांचे गुण

मुष्टियुद्ध म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना अली आठवतो, नाहीतर टायसन. म्हणजे धिप्पाड माणसं आणि एका ठोशात आडवा झालेला प्रतिस्पर्धी. आज मला लिहायचं आहे ते पाच फूट सहा इंच उंचीच्या, ६१ किलो वजनी गटातल्या एका लाइटवेट खेळाडूबद्दल. मार चुकवण्यात त्याच्या तोडीचे फार थोडे झाले.

पर्नेल व्हिटेकर. जन्म २ जानेवारी १९६४, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोक या बंदराच्या शहरात. डावखुरा. टोपणनाव 'स्वीट पी'. त्याचीही गंमत आहे. चाहते 'स्वीट पीट' म्हणून ओरडत होते, बातमीदाराला 'स्वीट पी' ऐकू आलं, आणि छापून आलं तेच जन्मभर चिकटलं!

हौशी मुष्टियुद्धात तो लहान वयातच पुढे आला. १९८२ साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत क्यूबाच्या आंखेल एरेराकडून हरला. हा एरेरा म्हणजे दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा धनी. पुढच्याच वर्षी काराकासच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत व्हिटेकरने त्याला हरवून हिशेब चुकता केला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर क्यूबाने बहिष्कार टाकला होता, त्यामुळे तिथे ही जोडी पुन्हा भिडली नाही. सुवर्णपदक व्हिटेकरने जिंकलं.

त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो व्यावसायिक झाला. तेव्हा हौशी लढत तीन फेऱ्यांची, डोक्याला संरक्षक टोप. व्यावसायिक विजेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची, डोकं उघडं. त्याला शिकवायला जॉर्ज बेंटन होते, स्वतः बचावात वाकबगार. व्हिटेकर प्रतिस्पर्ध्याच्या अगदी पुढ्यात उभा राहायचा, पळायचा नाही. गुडघ्यात वाकून, कमरेतून झुलून असा सरकायचा की समोरच्याचा ठोसा हवेत जायचा. आणि तो तोल सावरेपर्यंत याचे दोन ठोसे बसलेले असायचे.

आता खरा प्रश्न. न बसलेल्या ठोशाला गुण कोण देणार? आपल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल सगळ्या आखाड्याला दिसतो. मुष्टियुद्धात कोणी आडवा झाला नाही, तर निकाल रिंगणाबाहेर बसलेल्या तीन पंचांच्या कागदावर. त्यांनी पाहायच्या चार गोष्टींत बचाव आहेच, पण डोळा जातो तो पुढे चाल करून येणाऱ्याकडे.

मार्च १९८८ मध्ये पॅरिसजवळ होसे लुइस रामिरेझविरुद्ध हेच झालं. बहुतेक जाणकारांच्या मते व्हिटेकर जिंकला होता, तीनपैकी दोन पंचांनी रामिरेझला कौल दिला. व्हिटेकरची ही पहिली व्यावसायिक हार. पण गडी खचला नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये ग्रेग हॉगनला हरवून त्याने पहिला पट्टा मिळवला, ऑगस्टमध्ये नॉरफोकला, घरच्या लोकांसमोर, रामिरेझला स्पष्ट हरवलं. ऑगस्ट १९९० मध्ये हुआन नाझारियोला पहिल्याच फेरीत झोपवून तिन्ही प्रमुख पट्टे एकत्र केले. रॉबर्टो दुराननंतर लाइटवेटचा निर्विवाद विजेता तोच.

पुढे तो वरच्या वजनात गेला आणि १० सप्टेंबर १९९३ ला सॅन अँटोनियोत हुलियो सेसार चावेझसमोर उभा राहिला. चावेझ म्हणजे मेक्सिकोचं दैवत, ८७ लढतींत एकही पराभव नाही. बारा फेऱ्या चावेझ पुढे येत राहिला आणि चुकत राहिला. एका पंचाने ११५-११३ असा व्हिटेकरला कौल दिला, दोघांनी ११५-११५. लढत बरोबरीत! दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून ओरड झाली, निकाल मात्र आजही तोच आहे.

उत्तरपत्रिका तपासण्यात माझं आयुष्य गेलं. लिहिलेल्याला गुण देणं सोपं असतं. एखाद्या मुलाने काय टाळलं, कुठे घसरता घसरता सावरला, हे कळायला परीक्षकालाही तेवढीच तयारी लागते. पंचांना दोन डोळे होते, पण डोळे कुठे लावायचे हेही शिकावं लागतं.

व्हिटेकर काही संत नव्हता. १९९७ मध्ये कोकेन सापडल्यामुळे त्याचा एक विजय रद्द झाला. २००१ च्या शेवटच्या लढतीत गळ्याजवळचं हाड मोडलं. ४० विजय, ४ पराभव, १ बरोबरी. २००७ मध्ये 'हॉल ऑफ फेम'मध्ये मानाने नाव लागलं. १४ जुलै २०१९ च्या रात्री व्हर्जिनिया बीच शहरात रस्ता ओलांडताना मोटारीची धडक बसून तो गेला. वय ५५. आयुष्यभर फटके चुकवणाऱ्याचा असा शेवट, म्हणून नियतीबद्दल दोन वाक्यं लिहिण्याचा मोह होतो. ती लिहीत नाही.

चावेझची ती लढत कुठे मिळाली तर जरूर पाहा. मात्र सुरुवातीच्या दोन फेऱ्या फक्त चावेझच्या मुठी पाहा, त्या कुठे जाऊन पोचतात ते. मग गुण तुम्हीच द्या, आणि मला कळवा.