हाताची नस आणि सैनिकाची पेन्शन: अपंगत्वाचे टक्के कसे ठरतात?

अंगठा तुटला तर तो दिसतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या, कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात त्याचा आकडाही छापलेला होता: अंगठा गेला तर ३० टक्के, अख्खा पंजा गेला तर ६०. पण अंगठा जागेवर आहे आणि त्यात जोरच उरला नाही, तर? शर्टाचं बटण लागत नाही, जाळ्याची गाठ मारता येत नाही, आणि बघणाऱ्याला हात धडधाकट दिसतो. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातून नौदलात किंवा मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेलेल्या सैनिकाची नस दुखावली असेल, तर त्याच्या अपंगत्व पेन्शनचं घोडं बहुधा इथेच अडतं.

हाताचा कारभार मुख्यतः तीन नसांवर चालतो. मनगटात मीडियन नस दाबली गेली की अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होतात. कोपराजवळ अल्नर दुखावली की करंगळीकडची बाजू जाते आणि पकड ढिली पडते. रेडियल गेली की मनगट लोंबकळतं. मानेतून खांद्याकडे येणारा नसांचा जुडगाच ओढला गेला, तर अख्खा हात निकामी होऊ शकतो.

निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड हे सगळं तपासतं, आणि आजारामुळे नोकरी मध्येच संपली तर इन्व्हॅलिडिंग बोर्ड. डॉक्टर स्नायूंची ताकद ० ते ५ अशी मोजतात. हात स्वतःचं वजन पेलून वर उचलता आला, पण जरासाही दाब सहन झाला नाही, तर ३. स्पर्श कुठे कळत नाही, बोटं कितपत वळतात, हेही पाहिलं जातं. एनसीव्ही चाचणी नस कुठे अडली ते दाखवते, पण टक्के तिच्या कागदावर लिहून येत नाहीत. त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या तुलनेत किती क्षमता गेली, हे बोर्ड ठरवतं. होडीवरची कमाई किती बुडाली, हा हिशेब त्यात धरत नाहीत.

दुसरा प्रश्न टक्क्यांइतकाच महत्त्वाचा: हा त्रास सेवेमुळे झाला, किंवा सेवेमुळे वाढला का? याचं उत्तर ‘नाही’ आलं तर टक्के कितीही असोत, अपंगत्वाचा भाग मिळत नाही. धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर सैनिक तेव्हा तंदुरुस्त होता असंच धरायचं. संबंध नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची.

आता पैशाचं गणित. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. पगार ५०,००० धरला तर १५,००० रुपये, म्हणजे २० टक्क्यांना ३,०००. पण ५० पेक्षा कमी टक्के ५० धरायचे, असा नियम आहे. मग तेच ३,००० चे ७,५०० होतात. २०१४ च्या राम अवतार निकालाने हा फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. मात्र त्यांना २० टक्के गाठावेच लागतात. १९ आणि २० मधलं अंतर म्हणूनच एका टक्क्याचं नसतं. (२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू आहेत, त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी तेच पाहावेत.)

घोटाळा आणखी एका ठिकाणी होतो. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र वेगळं. ते २०१६ च्या कायद्याखालचं. तिथल्या बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात आणि बेरीजही सरळ नसते. एकाच हाताचे दंडाचे ४५ आणि पंजाचे ३० टक्के मिळून ७५ नव्हे, ६० होतात. हे प्रमाणपत्र बोर्डाच्या टक्क्यांची जागा घेत नाही.

बोर्डाचा निर्णय पटला नाही तर कार्यवाहीची प्रत मागायची आणि पत्रातली मुदत पाहून अपील करायचं. तेही फेटाळलं गेलं, तर दुसरं अपील आणि पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. नेताना सेवेतले उपचारांचे जुने कागद, दुखापतीचा अहवाल आणि ड्यूटी काय होती याची नोंद सोबत ठेवायची. दुखावलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर भरून येते. कोपरापासून बोटांपर्यंत पोहोचायला महिनोन्‌महिने जातात. त्यामुळे कुठल्या महिन्यात तपासलं, ती तारीखही त्या कागदांवर असलेली बरी.